दोन पापुद्र्यांमधलं पाणी

मरायला हवं होतं ते जगलं होतं.

रुपाने प्लेट इन्क्युबेटरमधून काढून खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला वाटलं, पुन्हा आत ठेवून द्यावी. ठेवून काही बदलणार नव्हतं. प्लेटवर जिवाणूंचे तीन ठिपके लावले होते. पहिला धडधाकट जिवाणूंचा. तो वाढणारच होता. तिसरा तिच्या प्रबंधातल्या जिवाणूंचा. तोही वाढला होता. मधली जागा रिकामी राहायला हवी होती. तिथे सायीसारखा दाट, गोल, निरोगी डाग आला होता.

"वाढलं का मॅडम?" दारातून खाजा मियांनी विचारलं. ते प्रयोगशाळेचे अटेंडंट. या वर्षी निवृत्त व्हायचे होते.

"वाढलं."

"मग ब्येस झालं."

शनिवारची सकाळ होती, एप्रिलचं ऊन आताच खिडकीच्या गजांना चटके देत होतं, आणि रुपाला बसावंसं वाटत होतं. ती स्टुलावर बसली.

ती हिंगोलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, आणि सुट्टीत तेही नाहीत. पीएचडी विद्यापीठातल्या निलम मॅडमकडे चालली होती. जिवाणू तिकडे जाऊन तयार करायचे आणि इथे, बेसिनचा नळ दुपारनंतर कोरडा पडणाऱ्या या खोलीत, वाढवून बघायचे. येत्या शुक्रवारी प्रबंध सादर व्हायचा होता. कॉलेजात कायम जागेची जाहिरात निघाली होती आणि पीएचडी नसेल तर त्या जागेकडे बघण्यातही अर्थ नव्हता. अशी जाहिरात आधी कधी निघाली होती ते स्टाफरूममध्ये कुणाला आठवत नव्हतं.

निलम मॅडमनी शेवटची एकच गोष्ट मागितली होती. "तिन्ही ठिपके एकाच प्लेटवर लाव आणि एक स्वच्छ फोटो दे. तू प्रत्येक वेळी मधला सोडून लावलायस. परीक्षकाला ते बरं दिसणार नाही."

रुपाचा विषय सांगायला सोपा होता, करायला जिकिरीचा. काही जिवाणूंच्या अंगावर एकावर एक असे दोन पापुद्रे असतात. दोन्ही मुख्यतः चरबीचे, आणि दोहोंच्या मधे पाण्याची चिंचोळी फट. चरबीला पाणी ओलांडता येत नाही. म्हणून जिवाणू हमाल ठेवतो. हा हमाल म्हणजे एक प्रथिन. चरबीच्या रेणूची तेलकट शेपटी ते आपल्या खोबणीत झाकून घेतं आणि पाण्यातून पलीकडे पोचवतं. बाहेरच्या पापुद्र्यात भलत्या जागी जाऊन बसलेली चरबी उचलायची आणि आतल्या पापुद्र्याकडे परत आणायची, एवढंच त्याचं काम. हा हमाल काढून टाकला तरी जिवाणू लगेच मरत नाही. पण त्याचा बाहेरचा पापुद्रा विस्कटतो, आणि साबणासारखं रसायन घातलेल्या प्लेटवर ठेवला की त्याचा निकाल लागतो. मधला ठिपका अशा हमाल नसलेल्या जिवाणूंचा होता.

तिसऱ्या ठिपक्यातल्या जिवाणूंनाही हमाल नव्हता, पण रुपाने त्यांच्यात दुसरं एक जनुक जादा घातलं होतं. ते साबणाच्या प्लेटवर जगले होते, एकदा नाही, दरवेळी. म्हणजे चरबी न्यायला दुसरी एक वाट आहे आणि ती या जनुकाने उघडते, असा तिचा दावा होता. प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्यावर उभं होतं.

आणि आता मधलेही जगले होते. त्यांच्यात तर काहीच घातलेलं नव्हतं.

तिने आधी रसायनांच्या बाटल्या पाहिल्या. तारखा ठीक होत्या. वजनं पुन्हा करून पाहिली. मग हात धुवायला ती बेसिनपाशी गेली. नळ कोरडा होता, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधलं थोडं पाणी हातावर घेतलं आणि साबणाची वडी फिरवली. फेस आला नाही. पुन्हा फिरवली. बोटांमध्ये पांढरट, फाटलेल्या दुधासारखा चिकटा जमला.

तो चिकटा ती ओळखत होती. तांड्यावरच्या बोअरच्या पाण्याने केस धुताना लहानपणापासून तो तिच्या बोटांना लागत आला होता.

"चाचा, हे कॅनमधलं पाणी कुठलं?"

"डिस्टिल."

"कुठून आणलं?"

खाजा मियांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. "खरं सांगू का? ते केमिस्ट्रीतलं मशीन दिवाळीतच बसलं. कॉइलवर हा असा चुन्याचा थर. जळून गेली. हापिसात सांगितलं, म्हणले फाईल करतो. फाईल गेली ती गेलीच. तुमचं काम थांबून राहिलं असतं. मग मी जारच्या पाण्यानं कॅन भरून राहिलो."

"जारच्या?"

"नळाचं न्हाई हां मॅडम. थंड जारचं, फिल्टरवालं. आमचा आतिफ न्हाई का, पुतण्या? त्याचा प्लांट हाय. त्याला म्हणलं, मॅडमचा मोठा अभ्यास चालू हाय, साफ पाणी देत जा. वरून मी पुन्हा फडक्यातून गाळून घेतो."

"मला सांगायचं ना."

"तुमाला काहून तकलीफ? आधीच तुमी इथून तिथं, तिथून इथं पळून राहिल्या." मग त्यांना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. "पाणी चांगलं हाय मॅडम. बोअरचंच हाय, पण थंड करून, गाळून. आमच्या घरी बी तेच पितात. कोणाचं पोट न्हाई दुखलं."

"पोटाचं नाही चाचा," रुपा म्हणाली.

पिण्याला ते पाणी चांगलंच होतं. हिंगोलीच्या निम्म्या दुकानांत तेच प्यायलं जात होतं. पण त्यातले क्षार फडक्यात अडकत नाहीत आणि थंड केल्याने जात नाहीत. जिवाणूचा बाहेरचा पापुद्रा घट्ट धरून ठेवतात ते हेच क्षार, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. म्हणून साबणाच्या प्लेटमध्ये आणखी एक रसायन घालतात. ते पापुद्र्यातले क्षार ओढून काढतं, आणि मग साबणाला आत शिरायला जागा होते. जारच्या पाण्यात त्या रसायनाची मूठ आधीच भरून गेलेली होती. पापुद्र्याला हात लावायला ते मोकळं राहिलंच नव्हतं. दिवाळीपासून रुपाच्या प्लेटा कुणालाच मारत नव्हत्या.

पाणी खाजा मियांनी बदललं होतं. पण मधला ठिपका तिने लावला असता, तर पहिल्याच आठवड्यात ते कळलं असतं. तो लावला नाही याचं कारण साधं होतं. हमाल नसलेले जिवाणू मरतात हे तिने दिवाळीआधी करून पाहिलं होतं, त्याचा फोटो होता, आणि रिकाम्या प्लेटांची पेटी मागवली की महिनोन्‌महिने येत नाही. झालेलं काम पुन्हा करून प्लेटा कशाला घालवायच्या, असा तिने विचार केला. या खोलीत काम करणाऱ्या कुणीही तोच केला असता.

अजून एक शक्यता होती. चांगल्या पाण्याच्या प्लेटवर मधला मेला आणि तिसरा जगला, तर दावा खरा ठरत होता. पाणी वाईट होतं म्हणजे वाट नाहीच, असं नव्हतं. एवढ्या धाग्यावर ती दुपारच्या एसटीत बसली.

तिचं घर वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर होतं. फाट्यावर उतरल्यावर ती ट्रकच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात गेली आणि बॅटरीत घालायच्या पाण्याचे सीलबंद कॅन मागितले. त्यात क्षार नसतात.

"गाडी कोणती ताई?" दुकानदाराने विचारलं.

"गाडी नाही."

"मग इन्व्हर्टर?"

"हो, इन्व्हर्टर," रुपा म्हणाली. खरं उत्तर द्यायला फार वेळ लागला असता.

घरासमोरच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. आई, रुख्मिणीबाई, पायाने ती उलटीपालटी करत होती. वडील प्रेमसिंग बाजेवर बसून पोती शिवत होते. कॅन बघून त्यांनी दाभण थांबवलं.

"पाणी? हिंगोलीहून पाणी आणायचे दिवस आले का बाई?"

"फाट्यावरून आणलं बापू. बॅटरीचं आहे."

"बॅटरी कोणाला हाय आपल्यात?"

"बसू दे की जरा, पोरगी उन्हातून आली," रुख्मिणीबाई म्हणाल्या. मग रुपाकडे बघून, "तुझ्या त्या किड्यांचं काय झालं?"

"मेले नाहीत याडी."

"मग चांगलंच हाय की."

"मरायला पाहिजे होते."

"असली कसली विद्या गं तुझी," रुख्मिणीबाईंनी हळदीतून पाय काढला. "जगले तर तोंड पाडून येती."

प्रेमसिंग हसले. रुपालाही हसू आलं, आणि ते आल्याने ती जास्तच दमली.

"ते जाऊ दे," प्रेमसिंग म्हणाले. "शुक्रवारी कितीला निघायचं ते सांग. मी बी येतो. आणि आत जाऊन बघ, दाराच्या मागं."

दाराच्या मागे पत्र्याची पाटी उभी होती. फाट्यावरच्या पेंटरकडून करून घेतलेली. निळ्यावर पांढरी अक्षरं: डॉ. रुपा प्रेमसिंग आडे. 'डॉ.' इतर अक्षरांपेक्षा मोठं काढलं होतं. खाली पेंटरने आपल्या मनाने एक कमळही काढलं होतं.

"घाई काय होती बापू?"

"त्याच्याकडं लग्नसराईची कामं चालू होतील. मग म्हैना-म्हैना हात लावत न्हाई तो." प्रेमसिंगनी दाभण पुन्हा हातात घेतलं. "लोक इचारतात, तुझ्या पोरीनं केलं काय? मी सांगतो, वाट शोधली. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. एक घाट बंद झाला की दुसरा शोधायचे. तसंच हाय म्हणलं, फक्त बैल लई बारके हायेत. बराबर हाय ना?"

हे तिनेच त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हा ते सांगताना तिला मजा वाटली होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

रविवारी ती हळद उलटत राहिली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही ठरलं नव्हतं, असं ती स्वतःला म्हणत होती. एरवी ती घरी आली की झोपायची. या वेळी झोप आली नाही.

सोमवारी तिने कॅनचं सील स्वतः फोडलं. भांडीही त्याच पाण्याने विसळली. खाजा मिया बाजूला उभे होते. एरवी प्लेटमध्ये ओतायची अगरची खळ उकळायला ठेवायचं काम त्यांचं, पण आज त्यांनी हात पुढे केला नाही. प्लेट ओतायच्या वेळी धूळ उडू नये म्हणून पंखा बंद करायचा असतो, तेवढा त्यांनी केला आणि बटणापाशीच थांबले. खोलीत आच साचली. रुपाच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता आणि तो प्लेटमध्ये पडू नये म्हणून ती मान वाकडी करून ओतत होती.

"हे पाणी गाड्यांचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जारच्यापेक्षा साफ असतं?"

"साफ नाही. रिकामं असतं."

त्यांनी मान हलवली. समजलं की नाही, ते कळलं नाही.

तीन ठिपके. पहिला, मधला, तिसरा. तिने चार प्लेटा लावल्या. पेटीत तेवढ्याच उरल्या होत्या.

मंगळवारी सकाळी कॉलेजचं फाटक उघडायच्या आधीच ती येऊन उभी राहिली होती. शिपायाने कुलूप काढताना विचारलं, "आज परीक्षा हाय का मॅडम?" ती नाही म्हणाली.

पहिला ठिपका वाढला होता. मधली जागा रिकामी होती. तिसरी जागाही रिकामी होती.

तिने प्लेट तिरपी केली. उजेडाकडे धरली. भिंगातून पाहिलं. बाकीच्या तीन प्लेटा काढल्या आणि त्याही पाहिल्या. तिसऱ्या जागी थेंब वाळल्याची पुसटशी कड दिसत होती, बाकी काही नाही. जादा घातलेल्या जनुकाने काहीही केलं नव्हतं. दुसरी वाट नव्हती. असली तरी तिला सापडली नव्हती.

आश्चर्य म्हणजे तिला रडू आलं नाही. लांबच्या प्रवासात बस एकदाची बंद पडली की प्रवासी जसे मुकाट्याने खाली उतरतात, तसं तिचं झालं. तिने प्लेटांवर झाकणं ठेवली आणि निलम मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तू शुक्रवारनंतर का नाही केलंस गं?"

"तुम्ही फोटो मागितला होता."

"मी मागितला होता," मॅडम म्हणाल्या. "माझीच अक्कल." मग म्हणाल्या, "मधला मेल्याचा जुना फोटो आहे ना?"

"आहे. दिवाळीआधीचा."

"आणि तिसरा जगल्याचा?"

"दिवाळीनंतरचा."

दोन्ही फोटो खरे होते. शेजारी शेजारी लावले की आकृती पुरी होत होती. हे दोघींनाही कळत होतं.

"रुपा, मी तुला कर म्हणून सांगत नाहीये," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाजही थकलेला होता. त्यांच्याकडे आणखी कितीतरी विद्यार्थी होते. "आहे ते सांगतेय. असली कामं कुणी पुन्हा करून बघत नाही."

"मी बघितलं ना मॅडम."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला.

"जागेचं काय?" मॅडमनी विचारलं.

"जाईल."

"कारण काय द्यायचं? अटेंडंटने पाणी बदललं असं लिही. कुणी तुला बोल लावणार नाही. मुदतवाढ तरी नीट मिळेल."

रुपाने दाराकडे पाहिलं. खाजा मिया बाहेरच्या बाकावर बसून काचेच्या नळ्या पुसत होते. एक पुसली की उजेडात धरून बघायचे.

"मधला ठिपका मी लावला नव्हता," ती म्हणाली. "तेच लिहिते. मोठं प्रकरण काढते. पहिली प्रकरणं राहतील. आणि कठीण पाण्यात काय होतं, ते एक लिहीन."

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत तर मलाही होतं."

"लिही बाई," मॅडम म्हणाल्या. "कुणी वाचणार नाही, पण लिही. अर्ज पाठव, मी सही करते."

फोन ठेवला तेव्हा खाजा मिया दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं, ते विचारायची गरज नव्हती.

"माझ्यामुळं झालं का मॅडम?"

रुपाला नाही म्हणायचं होतं. पण सकाळपासून ती खरं तेच बोलत आली होती, आणि आता मधेच थांबवणं अवघड होतं.

"पाणी तुमच्यामुळं झालं चाचा. पण मी बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. बघितलं नाही, ते माझ्यामुळं."

"मी साहेबाला लिहून देतो. मीच बदललं म्हणून."

"दिलं तर काय होईल? तुमच्यामागं चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. आणि माझा तिसरा ठिपका मेलेलाच राहील."

खाजा मियांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आतिफला म्हणलं होतं मी," ते म्हणाले, "एक नंबर पाणी दे." आणि नळ्या उचलून आत ठेवायला निघाले. पुसायच्या त्या सगळ्या पुसून झाल्या होत्या.

रुपाने घरी फोन केला. तिकडे हळद पोत्यांत भरण्याचा आवाज येत होता.

"बापू, शुक्रवारचं राहिलं."

"मंग सोमवारी?"

"नाही. या वर्षी नाही."

पोतं आपटल्याचा आवाज थांबला. "काहून?"

"वाट सापडली नव्हती. मला वाटलं होतं सापडली."

मागे याडी विचारत होती, काय म्हणती, काय म्हणती.

"कोणी काही बोललं का तुला?" प्रेमसिंगनी विचारलं.

"नाही."

"मंग तुला कसं कळलं?"

"मीच पुन्हा जाऊन बघून आले."

"हं," ते म्हणाले. वाटेचं बोलणं त्यांना कळत होतं. "पुढं घाट बंद असला तर बैल माघारी घ्यावेच लागतात. भरले बैल दरीत कोण घालतं?" मग थोड्या वेळाने, "त्या पाटीचं कसं करू? पेंटर म्हणला व्हता, ऑइल पेंट हाय, कशानं बी जात न्हाई."

"राहू दे दाराच्या मागं."

"उलटी करून ठेवतो," प्रेमसिंग म्हणाले. "येता-जाता दिसायला नको." आणि ते याडीला सांगायला वळले.

रुपाने चारही प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. फेकण्याआधी जिवाणू मारावे लागतात, जे आधीच मेलेले आहेत तेही. शिट्टी व्हायला वेळ होता. अकराचा तास तिचा होता आणि व्हरांड्यात मुलं जमायला लागली होती. बॅटरीच्या कॅनमध्ये थोडं पाणी उरलं होतं. त्याचं झाकण तिने घट्ट लावलं, खडू उचलला आणि ती वर्गावर गेली.